चेंडूचा मध्यबिंदू

कोणत्याही धंद्यात पहिले स्थान मिळविणे कठीण आणि मिळविलेले टिकविणे त्याहून कठीण, हे वचन आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेले असते की, ते तपासून पाहण्याची बुद्धी सहसा कोणास होत नाही. आम्हांसही ती झाली नसती. पण गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांच्या घरी झालेल्या लहानशा वादामुळे ती झाली.

हे स्नेही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून पुण्यास गॉल्फ खेळतात. त्या सकाळी आम्ही चहास गेलो, तेव्हा टेबलावर बारा पांढऱ्या चेंडूंची नवी पेटी होती आणि तिच्यावरून बापलेकीत गोड शब्दांत, पण निकराचे भांडण चालले होते. मुलगी हिशेबतपासनीस. ती म्हणत होती, "बाबा, आठवड्याला दोन चेंडू तुम्ही तळ्याला अर्पण करता. निदान स्वस्तातले तरी अर्पण करा! हे नाव तीस वर्षांपूर्वी तुमच्या कानावर पडले, म्हणून अजून त्याचे पैसे मोजता आहात." वडील म्हणाले, "अगं, जगातले बहुतेक नामांकित खेळाडू हाच चेंडू वापरतात. ते काय सारे भोळे आहेत?" तेव्हा मुलीने आमच्याकडे वळून विचारले, "काका, तुम्हीच सांगा. हा कारखाना अजून खरोखर पुढे आहे, की जुन्या पुण्याईवर चालला आहे?"

पेटीवर नाव होते 'टायटलिस्ट'. अमेरिकेतील अ‍ॅकुशनेट नावाच्या कंपनीचा हा माल. आम्हांस त्या वेळी उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. पण प्रश्न मनात राहिला. पुढे काही दिवस वाचन करून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो. ज्यांनी आयुष्यात गॉल्फची काठी हाती धरली नाही, त्यांसही त्यात विचार करण्याजोगे काही सापडेल, अशी आशा आहे.

प्रथम चेंडूचेच महत्त्व का, ते सांगितले पाहिजे. या खेळात खेळाडूस चौदांपर्यंत काठ्या जवळ बाळगता येतात आणि जसा फटका तशी काठी तो निवडतो. चेंडू मात्र दूरच्या फटक्यास तोच आणि भोकात हलकेच लोटण्यासही तोच. नियमाप्रमाणे त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरांहून कमी नसावा आणि वजन ४५.९३ ग्रॅमांहून अधिक नसावे. लिंबाएवढ्या या वस्तूकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा असते. जोराने मारला असता तो दूर जावा, आणि जवळून अलगद मारला असता हिरवळीवर पडताच थांबावा. हा विरोध मिटविण्याच्या खटपटीतच या धंद्याचा सारा इतिहास भरलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंडातील सेंट अँड्रूज गावी अ‍ॅलन रॉबर्टसन नावाचा कारागीर होता. आपल्या काळचा तो पहिल्या प्रतीचा खेळाडू आणि चेंडूंचा नाणावलेला कारखानदार. त्याचे चेंडू चामड्याचे असत. ओल्या चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत हंसाची उकडलेली पिसे ठासून भरीत. वाळताना चामडे आवळे, पिसे फुगत आणि चेंडू दगडासारखा कठीण होई. कसलेल्या कारागिराच्या हातूनही दिवसाला तीन-चारच चेंडू उतरत. म्हणून किंमत भारी, आणि पावसात भिजला की चेंडू फुकट.

इतक्यात गटापर्चा आला. हा मलायातील झाडांचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, निवला की कठीण. सेंट अँड्रूज येथे अशी आख्यायिका सांगतात की, १८४३ च्या सुमारास पॅटर्सन नावाच्या कुटुंबात पूर्वेकडून एक विष्णूची मूर्ती आली. प्रवासात तिला धक्का लागू नये म्हणून ती गटापर्चाच्या तुकड्यांत बसविलेली होती. आणि त्या घरच्या रॉबर्ट नावाच्या मुलाने ते तुकडे मऊ करून त्यांचा चेंडू वळला. भगवंतांनी या निमित्तानेही एक अवतारकार्य केले म्हणावयाचे! आख्यायिकेत तथ्य किती हा प्रश्न सोडला, तरी १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे चेंडू स्कॉटलंडात खेळात आले हे निश्चित. ते स्वस्त होते, पाण्याला भीत नव्हते आणि वेडेवाकडे झाले तर पुन्हा वळता येत.

रॉबर्टसनला यात आपला सर्वनाश दिसला. त्याने हे चेंडू मिळवून जाळले, असे सांगतात. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस नावाचा तरुण कारागीर होता. एके दिवशी जवळचे चेंडू संपल्यामुळे टॉम गटापर्चाच्या चेंडूने खेळला. ते धन्याच्या कानी गेले, शब्दाने शब्द वाढला आणि टॉम नोकरी सोडून गेला. पुढे त्याने ब्रिटनची खुली स्पर्धा चार वेळा जिंकली. इकडे रॉबर्टसनलाही अखेर नवा चेंडू पत्करावा लागला, आणि १८५८ साली सेंट अँड्रूजचे मैदान ७९ फटक्यांत पुरे करून त्याने जो विक्रम केला, तो गटापर्चाच्याच चेंडूने! त्याच्या हातातील कसब एका रात्रीत नाहीसे झाले नव्हते. त्या कसबाची गरज मात्र नाहीशी झाली होती. धंद्यातील पीछेहाटीचा हा प्रकार विशेष कठोर होय. कारण त्यात कारागिराचा दोष दाखविता येत नाही.

पन्नास वर्षांनी हीच कथा पुन्हा घडली. अमेरिकेतील स्पॉल्डिंग या मोठ्या कंपनीने गटापर्चाचा एक उत्तम चेंडू काढून त्यास हॅरी व्हार्डन या प्रख्यात खेळाडूचे नाव दिले आणि १९०० साली त्याला अमेरिकेचा दौरा करविला. व्हार्डनने त्या वर्षी अमेरिकेची खुली स्पर्धाही जिंकली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८९९ मध्ये, ओहायो संस्थानातील अ‍ॅक्रन येथील रबराच्या कारखान्याशी संबंध आलेल्या कोबर्न हॅस्केल याने ताणलेल्या रबराचा धागा गुंडाळून केलेल्या चेंडूचे पेटंट घेतले होते. १९०२ साली होयलेक येथे सँडी हर्ड याने या चेंडूने ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकली आणि गटापर्चाचे राज्य संपले. स्पॉल्डिंगने मात्र रॉबर्टसनसारखा हट्ट धरला नाही. तीही धाग्याचे चेंडू करू लागली आणि तगली.

आता मूळ कारखान्याकडे वळू. मॅसॅच्युसेट्स संस्थानात अ‍ॅकुशनेट नावाचे गाव आहे. तेथे १९१० साली फिलिप यंग या कारखानदाराने रबराचा उद्योग आरंभिला. यंगला गॉल्फचा नाद होता. कंपनीच्या इतिहासात असे सांगतात की, १९३२ साली एका खेळात त्याने अगदी नीट लोटलेला चेंडू शेवटच्या भोकात न पडता बाजूस गेला. दुसरा कोणी असता तर त्याने हाताला किंवा नशिबाला दोष दिला असता. यंगने चेंडूवर संशय घेतला. एका रुग्णालयात क्षकिरणांचे काम पाहणाऱ्या आपल्या मित्राकडे तो चेंडू घेऊन गेला. चित्रात असे दिसले की, चेंडूचा गाभा मध्यावर नाही! मग त्याने आणखी चेंडू तपासविले, तर पुष्कळांची तीच अवस्था. बाहेरून सारे गोल, आतून कलते. यानंतर यंग आणि रबराच्या कामातील त्याचा सहकारी फ्रेड बोमर या दोघांनी तीन वर्षे खपून गाभ्याभोवती धागा समान ताणाने गुंडाळणारे यंत्र तयार केले, आणि १९३५ मध्ये टायटलिस्ट चेंडू बाजारात आणला. अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत १९४९ पासून हाच चेंडू सर्वाधिक खेळाडू वापरीत आले आहेत, असे कंपनी अभिमानाने सांगते.

या यशाचे मूळ कशात होते? सर्वांत लांब जाणारा चेंडू करण्याची प्रतिज्ञा यंगने केली नव्हती. एक चेंडू जसा, तसाच दुसरा आणि तसाच हजारावा, एवढेच त्याला साधावयाचे होते. खेळाडूची चूक झाली तर ती त्याची असावी, चेंडूची नसावी. हा त्याचा सारा व्यापार होता.

परंतु धाग्याच्या चेंडूचेही दिवस भरत आले. १९६० नंतरच्या काळात रसायनशास्त्राने एकसंध कृत्रिम रबराचा भरीव गाभा आणि त्यावर चिवट आवरण अशी रचना शक्य केली. हे चेंडू दूर जात आणि टिकत. पण आवरण कठीण असल्याने हिरवळीवर थांबत नसत. म्हणून सामान्य खेळाडू ते वापरीत, आणि स्पर्धांतील कसबी खेळाडू मऊ आवरणाचा धाग्याचा चेंडूच पसंत करीत. पुढे भरीव गाभ्यावर युरेथेनचे पातळ, मऊ आवरण बसविण्याची युक्ती निघाली आणि दोन्ही गुण एकत्र आले.

याचा झटका टायटलिस्टला २००० साली बसला. टायगर वुड्स तोपर्यंत याच कारखान्याचा चेंडू वापरीत असे. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याने नायकी कंपनीचा भरीव चेंडू हाती घेतला. हा चेंडू जपानच्या ब्रिजस्टोन कारखान्यात तयार झालेला. जूनमध्ये पेबल बीच येथे अमेरिकेची खुली स्पर्धा त्याने पंधरा फटक्यांनी जिंकली, आणि जुलैत ब्रिटनची खुली स्पर्धा आठ फटक्यांनी. ही दुसरी स्पर्धा झाली कोठे? रॉबर्टसनच्याच सेंट अँड्रूज गावी. इतिहासास कधी कधी अशी थट्टा सुचते.

आता अ‍ॅकुशनेटपुढे दोन वाटा होत्या. रॉबर्टसनप्रमाणे जुन्या कसबास कवटाळून बसणे ही एक. पासष्ट वर्षांत धागा गुंडाळण्याच्या कामात तिच्याइतका हात दुसऱ्या कोणाचा बसलेला नव्हता. यंत्रे तिची, माणसे तिची, नाव तिचे. दुसरी वाट म्हणजे तो सारा ठेवा स्वतःच्या हाताने मोडीत काढणे. कंपनीने दुसरी धरली. तिच्या प्रयोगशाळेत भरीव चेंडूवर काम आधीपासून चालूच होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लास व्हेगास येथील स्पर्धेत तिने 'प्रो व्ही-वन' नावाचा चेंडू खेळाडूंपुढे ठेवला. पहिल्याच आठवड्यात ४७ खेळाडूंनी तो उचलला आणि त्यांपैकीच एकाने, बिली अँड्रेडने, ती स्पर्धा जिंकली. वर्ष उलटण्याच्या आत मोठ्या स्पर्धांतून धाग्याचे चेंडू वापरणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. कंपनीने आपले जुने कौशल्य गमावले. पण ते दुसऱ्याने हिरावून नेण्याआधी स्वतः टाकून दिले. आमच्या मते तिच्या इतिहासातील सर्वांत धैर्याचे कृत्य हेच.

त्यानंतरची पाव शतकाची वाटचाल निर्वेध झाली, असे नाही. स्पॉल्डिंगचा चेंडूंचा धंदा आणि त्याबरोबर तिची पेटंटे २००३ मध्ये कॅलवे कंपनीने विकत घेतली, आणि त्या पेटंटांच्या बळावर २००६ साली अ‍ॅकुशनेटवर फिर्याद लावली. २००८ च्या अखेरीस न्यायालयाने प्रो व्ही-वनच्या विक्रीस मनाई केली. कंपनीने रचनेत फेरफार करून विक्री चालू ठेवली. पुढे वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला, २०१० मध्ये ज्यूरीने ती पेटंटेच अग्राह्य ठरविली आणि २०१२ साली तडजोड झाली. मधल्या काळात मालकीही बदलली. १९७६ पासून कंपनी एका मोठ्या अमेरिकन व्यापारी समूहाकडे होती. २०११ मध्ये फिला कोरियाच्या पुढाकाराने तिची खरेदी १२३ कोटी डॉलरांस झाली, आणि २०१६ पासून तिचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारात विकले जाऊ लागले.

याच २०१६ साली धंद्याच्या मर्मावर घाव घालणारी एक गोष्ट घडली. कॉस्टको या अमेरिकेतील घाऊक दुकानदार कंपनीने स्वतःच्या शिक्क्याचा, युरेथेनच्या आवरणाचा चेंडू विक्रीस ठेवला. किंमत दोन डझनांस तीस डॉलर! प्रो व्ही-वनच्या एका डझनास तेव्हा पंचेचाळीस डॉलरांहून अधिक पडत. माल हातोहात खपला. परीक्षा करणाऱ्यांनी तो चेंडू नामांकित चेंडूंच्या पंक्तीस बसण्याजोगा ठरविला. २०१७ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये आपसात मिटले. पण जो प्रश्न आमच्या स्नेह्यांच्या मुलीने विचारला, तोच त्या दिवसांत अमेरिकेतील लाखो खेळाडूंच्या मनात आला असला पाहिजे.

तेव्हा या कारखान्याची धार बोथट झाली काय? अंतराच्या बाबतीत म्हणाल, तर होय. आणि ती त्याच्या एकट्याचीच नव्हे, तर साऱ्यांचीच झाली. चेंडू किती वेगाने सुटावा आणि ठराविक फटक्यास किती दूर जावा, यावर नियमांची मर्यादा आहे. सर्व चांगले कारखाने त्या भिंतीस येऊन टेकले आहेत. पुढच्याची भिंतीशी गाठ पडली की, मागचा त्यास गाठतोच. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये या खेळाच्या नियामक संस्थांनी, अमेरिकेच्या यू. एस. जी. ए. ने व सेंट अँड्रूजच्या आर. अँड ए. ने, चाचणीच्या फटक्याचा वेग ताशी १२० मैलांवरून १२५ मैल करण्याचे जाहीर केले. म्हणजे अधिक जोराने मारूनही चेंडूने जुनीच अंतराची मर्यादा पाळावयाची. अत्यंत जोरदार फटका मारणाऱ्यांचे यामुळे तेरा ते पंधरा यार्ड कमी होतील, आणि हौशी खेळाडूंचे पाच किंवा त्याहून कमी, असा त्या संस्थांचा अंदाज आहे. चेंडू लांब जाऊ लागला की मैदाने लांबवावी लागतात, त्यांस जमीन अधिक लागते, पाणी अधिक लागते. हे त्यामागचे कारण. अ‍ॅकुशनेटने या नियमास उघड विरोध केला. तो स्वार्थाचा असेलही; तथापि ज्याच्या दुकानी सर्वाधिक गिऱ्हाईक, त्यालाच मापे बदलण्याचा त्रास सर्वाधिक, हेही खरे.

मग त्याच्यापाशी उरले काय? आमच्या समजुतीप्रमाणे यंगने १९३२ साली क्षकिरणांच्या चित्रात जे पाहिले तेच. २०१९ च्या सुमारास स्वतंत्र परीक्षकांनी एका प्रतिस्पर्धी कंपनीचे चेंडू कापून पाहिले, तेव्हा काहींचे गाभे मध्यावर नसल्याचे आढळले. त्या कंपनीने आपल्या कारखान्यात कोट्यवधी डॉलर घातले आणि क्षकिरणांची तपासणी कडक केली, हे तिला भूषणावहच आहे. पण यावरून एवढे दिसते की, पेटंटांची मुदत संपते, युक्ती उघडी पडते, खेळाडू दुसरीकडे जातात. आणि लाखो नग एकसारखे काढण्याची शिस्त मात्र कोणास विकत घेता येत नाही, ती वर्षानुवर्षे पाळावी लागते. मोठ्या स्पर्धांतून आजही दर चार खेळाडूंपैकी सुमारे तिघे टायटलिस्टचा चेंडू वापरतात, असे कंपनीचे आकडे आहेत. ज्यांची रोजची भाकरी एकेका फटक्यावर अवलंबून आहे, त्यांची ही निवड केवळ जुन्या पुण्याईवर चालत नसावी.

इतकी जमवाजमव करून आम्ही पुन्हा त्या स्नेह्यांकडे गेलो. मुलीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, हे झाले वाचलेले. आपल्याला घरी पाहता येईल का?" सुदैवाने येते. गॉल्फचा चेंडू साध्या पाण्यात बुडतो. पण लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ विरघळविले की तरंगतो. वर आलेल्या जागी खूण करावी, चेंडूला बोटाने गरकन फिरवावे आणि थांबला की पाहावे. दर खेपेस तीच खूण वर आली, तर त्याचा जड भाग एका अंगास आहे. निरनिराळ्या जागा वर आल्या, तर गाभा मध्यावर आहे.

स्वयंपाकघरातील पातेले मागविण्यात आले. मीठ पाहून घरधनीणबाई जे बोलल्या, ते येथे देत नाही. वडिलांच्या पेटीतले तीन आणि मुलीने आणलेले, कोणाचेही नाव नसलेले स्वस्त तीन, असे सहा चेंडू एकेक करून पाण्यात सोडले. पेटीतले तिन्ही दर खेपेस निराळ्या अंगाने थांबले. स्वस्तातले दोन तसेच वागले. तिसरा मात्र, कितीही फिरवा, तीच खूण वर करून हटून बसला.

सहा चेंडूंवरून कोणत्याही कारखान्याचा निवाडा होत नाही, हे आम्ही बजावले. तरी दोघांनीही आपापला जय झाल्याचे मनात धरले. मुलगी म्हणाली, "पाहा, तिनांतले दोन उत्तम निघाले, आणि तेही निम्म्याहून कमी किमतीत!" वडील म्हणाले, "आणि तिसरा? तो तळ्याच्या काठी माझ्या हाती येणार नाही, हे मला कोण सांगणार?" आम्हांस वाटते, या दोन वाक्यांत साऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पुढच्या आणि मागच्या कारखान्यांतील अंतर आता त्या तिसऱ्या चेंडूएवढे उरले आहे. ते थोडे आहे. पण ज्या दिवशी वडिलांच्या पेटीतही असा एक चेंडू निघेल, त्या दिवशी नव्वद वर्षांचे नाव मोजण्यास कोणी थांबणार नाही.

तूर्त त्या घरी तह झाला आहे. तळ्याजवळच्या भोकास स्वस्त चेंडू, बाकीच्या सतरांस पेटीतला. तो हटवादी तिसरा चेंडू मात्र बाबांनी कपाटात जपून ठेवला आहे. पुढल्या वादात पुरावा म्हणून लागेल, असे ते म्हणतात.